जेवताना समजावलेला ट्रॅक्टर

शनिवार, १ मार्च

आज ट्रॅक्टर सुरू झाला.

हे वाक्य लिहून मी थांबले, कारण ते पूर्ण खरं नाही. तो दोनदा खोकला आणि बंद पडला. पण ब्रेककाका म्हणाले, "खोकला म्हणजे जिवंत आहे," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मी तसं लिहिलं. खोडत नाही, पण नोंद असावी.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला धिप्पाड नव्हे. बागेतला, बसकट, गवत कापायचा आणि छोटी ट्रॉली ओढायचा. एका शाळेने भंगारात काढला होता. बाबांनी तो उचलून आणला आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ठेवून मला म्हणाले, "बघ बाई, तुझे हात शिवशिवतात ना?" बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. मीही तिथेच बसते. यंत्रातलं बाबांना काही कळत नाही, पण मला काय आवडतं ते कळतं.

शनिवारची मंडळी म्हणजे असेच जुने छोटे ट्रॅक्टर बाळगणारे पाचसहा जण. ब्रेककाका निवृत्त बसड्रायव्हर आहेत. हवापाण्याचं बोलणं काढलं तरी ते ब्रेकपर्यंत आणून सोडतात. दातवाल्या ताई दातांच्या डॉक्टर आहेत. त्या कार्ब्युरेटर साफ करताना त्याला "आ कर, अजून थोडं" म्हणतात आणि काम झालं की "आता चूळ भर."

रात्री जेवताना आईने नेहमीसारखं विचारलं, "आज काय शिकलीस?" पंधरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. आईनेच घरी शिकवलं, आणि तिचा नियम एकच होता. दिवसा जे शिकशील ते जेवताना मला समजावून सांग. मला कळलं नाही तर तुला आलं नाही. मी तेवीस वर्षांची झाले तरी नियम सुटलेला नाही.

मी सांगितलं की इंजिनात दोन छोटे धातूचे ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. ते उघडतात, मिटतात, आणि उघडताना ठिणगी पडते. त्यांच्यात फट बरोबर हवी. साफ करायला मी दुकानाच्या जुन्या कार्डाचा तुकडा त्यातून ओढते.

"आणि तुकडा आतच राहिला तर?" आईने विचारलं.

"मग ठिणगीच नाही. सुरू करायची दोरी कितीही ओढा."

"कळलं," आई म्हणाली.

बुधवार, ५ मार्च

कार्यशाळेच्या बाईंचा फोन आला. मी हे लिहायचं चार दिवस टाळणार होते, म्हणजे नजर लागणार नाही. पण नजरबिजर मी मानत नाही, मग टाळणं खोटेपणाचं झालं असतं.

बाई जुनी यंत्रं दुरुस्त करतात, दुसऱ्या शहरात, रेल्वेने जवळजवळ पूर्ण दिवसाच्या अंतरावर. दर वर्षी एकालाच शिकायला घेतात. यंदा मी विचारलं होतं. दोन वर्षं तिथेच राहायचं. एप्रिलमध्ये मंडळींची मोठी सहल असते. सगळे आपापले ट्रॅक्टर घेऊन जुन्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जातात, भरलेली ट्रॉली जोडून. बाई तेव्हा येणार आहेत. म्हणाल्या, "तू स्वतः जोडलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट टाकीपर्यंत आण. मग बोलू. कागद मला दाखवू नकोस."

दाखवायला कागद फारसे नाहीतच माझ्याकडे, त्यामुळे मला बरं वाटलं. मग अशा कारणाने बरं वाटावं याचं वाईट वाटलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझं तू ठरव." मग टेबल पुसलं. टेबल आधीच पुसलेलं होतं.

शनिवार, ८ मार्च

ठिणगी नाही.

दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला. शेवटी झाकण काढलं, तर पॉइंटमध्ये कार्डाचा तुकडा. मीच विसरले. ब्रेककाका म्हणाले, "होतं गं. मी एकदा बस डेपोत आणली आणि कंडक्टर स्टँडवरच विसरलो."

एक गोष्ट कळली नाही. मी कार्ड नेहमी हाताने फाडते. हा तुकडा कात्रीने कापलेला होता, कोपरे गोल केलेले. गडबडीत कापला असेन. गडबडीत कोणी कोपरे गोल करतं का? मी करत असेन.

जेवताना आईला पेट्रोलच्या टाकीचं झाकण समजावलं. त्यात सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी तिथून हवा आत यायला हवी. भोक बुजलं तर इंजिन थोडा वेळ छान चालतं आणि मग जीव गुदमरल्यासारखं बंद पडतं. झाकण उघडून पुन्हा लावलं की परत चालतं, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

"म्हणजे सापडायला कठीण," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "जेवताना यंत्र नको गं. मला पचत नाही." याआधी कधी असं म्हणाले नव्हते. पणजीच्या आजारपणाची सगळी वर्णनं त्यांना जेवताना पचली होती.

शनिवार, १५ मार्च

सगळे ट्रॅक्टर घेऊन मोकळ्या मैदानात गेलो. माझा एक फेरी सुरेख चालला. दुसऱ्या फेरीत गुदमरून बंद. झाकण उघडलं, लावलं, पुन्हा चालला, पुन्हा बंद. मी प्लग काढला, वायर बदलली, कार्ब्युरेटर उघडायला घेतला. ब्रेककाका ब्रेक तपासत होते, का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी झाकणाचं भोक आठवलं. कालच मी ते तारेने साफ केलं होतं. निदान मला तसं आठवतं. आता त्यात पांढरं काहीतरी बसलं होतं. दातवाल्या ताईंनी आपल्या बारीक आकड्याने ते काढलं आणि नाकाशी नेलं.

"अंगाचा साबण आहे," त्या म्हणाल्या. "चांगल्यातला."

"माझे हात ओले असतील," मी म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आई बरी आहे ना तुझी?"

साबणावरून आईची आठवण का व्हावी, मला कळलं नाही. बरी आहे म्हटलं.

घरी येताना मला रडू येत होतं. मी ज्याचं नीट वर्णन करते तेच पुढच्या आठवड्यात बिघडतं. म्हणजे आईला समजावताना मला वाटतं की हे आता मला येतं, आणि त्या तोऱ्यात मी निष्काळजी होते. दुसरं काही सुचत नाही. अशा मुलीला बाईंनी का घ्यावं?

लहानपणी आई रोजच्या धड्यात एक चूक लपवायची. नकाशात एखादी नदी उलटी वाहायची, गणितात एखादा आकडा चोरून बदललेला असायचा. दिवसभरात मी ती शोधायची. रात्री दिवा मालवताना ती विचारायची, "सापडली?" एकदा तिने साखरेच्या डब्यात मीठ भरलं होतं आणि बाबांनी अख्खा कप चहा चेहरा न बदलता प्यायला, माझा खेळ मोडू नये म्हणून. तेव्हा मला बहुतेक सगळ्या चुका सापडायच्या. आता माझ्याच सापडत नाहीत.

शुक्रवार, २१ मार्च

ठरवलं होतं की या आठवड्यात आईला काही सांगायचं नाही. पण तिने विचारलं, आणि "आज काही शिकले नाही" हे खोटं ठरलं असतं. म्हणून पट्ट्याचं सांगितलं. इंजिनाची ताकद चाकांकडे एका रबरी पट्ट्याने जाते आणि तो पट्टा एका स्प्रिंगने ताणलेला असतो. स्प्रिंग निसटली तर इंजिन जोरात चालतं, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

"आवाज खूप आणि जागच्या जागी," आई म्हणाली. "तुझ्या आत्यासारखं."

बाबांना ठसका लागला. मीही हसले. मग आईने विचारलं, "तिकडे राहायची खोली कशी असते? एकटीला की दोघींना?"

मी म्हटलं, माहीत नाही, अजून कशात काही नाही.

"विचारून घे," ती म्हणाली. "तुला सर्दी लगेच होते. खिडकी उत्तरेला नको."

शनिवार, २२ मार्च

स्प्रिंग निसटलेली होती.

मला आता आश्चर्य वाटलं नाही, याचंच आश्चर्य वाटतं आहे. मी थेट खाली वाकले, हात घातला, स्प्रिंग अडकवली आणि पुढच्या कामाला लागले. ब्रेककाका म्हणाले, "न बघता शोधलंस की! आमचा फोरमन असा होता. बसचा आवाज ऐकून सांगायचा कुठे दुखतंय."

दातवाल्या ताई म्हणाल्या, "गॅरेजला कुलूप लावतेस का?"

"घरातलंच गॅरेज आहे. स्वयंपाकघरातूनच दार आहे."

"तेच म्हणते," ताई म्हणाल्या आणि आपल्या ट्रॅक्टरकडे वळल्या. मोठी माणसं वाक्य अर्धवट का सोडतात? मला पूर्ण वाक्यं आवडतात.

मंगळवार, २५ मार्च

दुकानाच्या रस्त्यावरची वीज गेली, म्हणून बाबांनी मला लवकर घरी पाठवलं. गॅरेजचं दार उघडं होतं. आई ट्रॅक्टरशेजारी उकिडवी बसली होती. तिचा चष्मा कपाळावर होता. बारीक काम करताना ती तो तसा सरकवते.

मला बघून म्हणाली, "धूळ पुसत होते."

मी म्हटलं, "बरं."

हातातलं फडकं कोरडं होतं आणि स्वच्छ होतं. म्हणजे धूळ फारशी नसावी. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. ती मागून आली आणि तिने बराच वेळ हात धुतले, साबण लावून, बोटांच्या मधे, नखांच्या खाली.

मला इथे काय लिहायचं ते कळत नाही. जे दिसलं ते लिहिलं आहे. त्याचा अर्थ लावणं म्हणजे आईबद्दल वाईट लिहिणं, आणि न लावणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. दोन्ही मला जमणार नाही. म्हणून आज एवढंच.

बुधवार, २६ मार्च

बाबांना दुकानात विचारलं, "आईला मी जायला नको आहे का?"

बाबा एका चष्म्याची काडी सरळ करत होते. म्हणाले, "तिला तू जायला हवी आहेस."

"मग?"

"मग काय. जायला हवी आहेस आणि जाऊ नयेस असंही वाटतं. एकाच डोक्यात दोन्ही. मी पंचवीस वर्षं बघतो आहे, मलाही नीट दिसत नाही. आणि माझा तर धंदाच हा आहे."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी चष्मा माझ्या नाकावर चढवला. "काय माहीत होतं? हा वाकडा वाटतो का बघ."

चष्मा सरळ होता. बाकीचं काही मला कळलं नाही. ती मला अडवत होती की पूर्वीसारखी चूक लपवून मला तयार करत होती? अडवायचं असतं तर तिने एकदाच काहीतरी मोडून टाकलं असतं. आणि तयार करायचं असतं तर रात्री "सापडली?" असं विचारलं असतं. तिने एकदाही विचारलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

उद्या टेकडी. ट्रॅक्टर ठीक आहे. दोन शनिवार काहीही बिघडलेलं नाही, आणि त्याने माझा जीव जास्तच टांगणीला लागला आहे.

आज जेवताना आईने विचारलं, "सगळं ठीक असूनही चढणीवर काय दगा देऊ शकतं?"

बाबा म्हणाले, "मला जरा पाणी दे." पाण्याचा जग त्यांच्याच हाताशी होता.

मला उत्तर माहीत होतं. टाकीखाली पेट्रोलचा छोटा नळ असतो. तो अर्धवट बंद असला तर सपाटीवर काहीच कळत नाही, कारण तेवढं पेट्रोल पुरतं. चढणीवर ओझं आलं की कमी पडतं आणि ट्रॅक्टर मधेच बसतो. निघायच्या वेळी ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. टायरची हवा म्हणाले असते तरी चाललं असतं. आईने आयुष्यभर मला जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं आहे. आज खोटं सांगून उद्या वर पोचले, तर तिथून तिला हात कसा करू?

मी नळाचं सांगितलं. सगळं, कुठे असतो आणि कसा फिरतो तेही.

आई "कळलं" असंसुद्धा म्हणाली नाही.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी निघताना नळ तपासायचा की नाही, यावर मी दात घासता घासता स्वतःशी इतकी भांडले की हिरडीतून रक्त आलं. तपासला तर आईवर विश्वास नाही असं होतं. नाही तपासला तर मी मूर्ख. शेवटी मूर्ख व्हायचं ठरवलं.

आई आली होती. ती आजवर एकदाही ट्रॅक्टर चालताना बघायला आलेली नव्हती. बाबांनी ट्रॉलीत विटा भरल्या. ती चढणीच्या मध्यावर, रस्त्याच्या कडेला, हाताची घडी घालून उभी राहिली. कार्यशाळेच्या बाई वर टाकीपाशी होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, खिशात हात.

पायथ्याशी रांग होती, म्हणून मी इंजिन बंद केलं. माझी पाळी आली तेव्हा पुन्हा सुरू केलं. निम्म्यापर्यंत ठीक. मग तो धापा टाकायला लागला. वेग गेला. ट्रॉली मागे ओढत होती.

मी खाली वाकून नळाला हात लावला. पूर्ण उघडा होता.

महिनाभर मी आईने काय केलं असेल याचाच विचार करत होते. आईने काहीच केलेलं नव्हतं आणि ट्रॅक्टर तरीही मरत होता. मला काही म्हणजे काही सुचेना. मागून काळा धूर येतो आहे हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

"चोक," कोणीतरी ओरडलं. "चोक आत ढकल. काळा धूर येतोय. पेट्रोल जास्त होतंय त्याला."

आई होती ती. हाताची घडी सोडून रस्त्यात आली होती.

मी पायथ्याशी सुरू करताना घाबरून चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा दांडा, ओढला होता आणि तसाच ठेवला होता. आत ढकलला. ट्रॅक्टरने मोठा श्वास घेतला आणि चालायला लागला. आई शेजारून थोडं अंतर धावली, मग थांबली.

चोकबद्दल मी तिला कधी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. काळ्या धुराबद्दल तर नक्कीच नाही. ती ते कुठून शिकली?

वर पोचले तेव्हा बाईंनी इंजिनवर हात ठेवून ते बंद होईपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "खाली ओरडल्या त्या कोण?"

"माझी आई."

"त्यांना शिकायला यायचंय का? जागा एकच आहे, पण विचार करता येईल."

मी घाबरून खरंच सांगायला लागले की आईला घर सोडता येणार नाही, तर बाई हसल्या. म्हणाल्या, "मग तू ये. पहिल्या तारखेला."

परतताना गाडीत बरंच पुढे गेल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चोकची चूक माझी नव्हती हं."

बाबा जोरात खोकले. मी "हो" म्हटलं. बाकीच्या कोणाच्या होत्या, ते विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण तिचा हात माझ्या हातावर होता आणि तिच्या नखांच्या खाली काळं होतं. महिनाभर घासूनही न निघालेलं. मी तोंड मिटलं.

मंगळवार, २९ एप्रिल

उद्या निघायचं. ट्रॅक्टर इथेच राहणार. आईला सांगितलं आहे, आठवड्यातून एकदा सुरू करायचा, नाहीतर पेट्रोल आत चिकट होतं. ती म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं." बाबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. ते उलटं होतं.

आजही मला ठरवता येत नाही की तिला काय हवं होतं. दातवाल्या ताईंना शेवटी विचारलं. त्या म्हणाल्या, "पेशंट तोंड उघडतो आणि त्याच वेळी माझा हात घट्ट धरतो. रोज बघते मी. त्याला विचारून काही उपयोग नसतो." निदान हे वाक्य पूर्ण होतं.

आई बाजारात गेली होती तेव्हा मी एक गोष्ट केली. योग्य की अयोग्य ते मला माहीत नाही, म्हणून फक्त नोंद करते. दुकानाचं जुनं कार्ड घेतलं. आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. एक तुकडा कापला, कोपरे गोल केले आणि पॉइंटमध्ये सरकवून झाकण लावलं.

रविवार, ४ मे

खोली एकटीची आहे. खिडकी पूर्वेला. मला सर्दी झाली आहे.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. ती दोरी ओढत असेल, खांदा दुखत असेल, बाबा शेजारी उभे राहून "राहू दे" म्हणत असतील. मी फार वाईट केलं असं वाटून दोनदा फोन उचलला आणि ठेवला.

संध्याकाळी तिचाच फोन आला. मागे इंजिन चालू होतं, एकसारखं, न खोकता. त्या आवाजात ऐकू जावं म्हणून तिला ओरडावं लागत होतं.

"सापडली," ती म्हणाली. "आता माझी कात्री कुठे ठेवलीस ते सांग."